धागा : वाघिणीचे दूध आणि रानड्यांचा निबंध

एक समज मराठी समाजात फार पक्का रुजला आहे. एकोणिसाव्या शतकातली मराठी माणसे अस्खलित इंग्रजी लिहीत, कारण त्यांनी मराठी बाजूला ठेवून इंग्रजीची कास धरली. आजच्या महाविद्यालयांतल्या मराठी मुलांना इंग्रजीत एक परिच्छेद धड लिहिता येत नाही, कारण त्यांच्या डोक्यातून मराठी जात नाही. पुराव्यादाखल रानडे, भांडारकर, तेलंग, आंबेडकर ही नावे घेतली जातात, चिपळूणकरांच्या नावावर सांगितला जाणारा ‘वाघिणीच्या दुधा’चा दाखला दिला जातो आणि लगोलग उपायही सुचवला जातो : वर्गात मराठी बंद करा, मुलांना विचारही इंग्रजीतूनच करायला लावा.

ज्यांची नावे या समजाच्या समर्थनार्थ घेतली जातात, त्यांचीच चरित्रे तो खोडून काढतात. त्यांच्यापैकी एकानेही मराठी विसरून इंग्रजी कमावलेली नाही. ज्या विद्यापीठाने मराठीला बाहेरचा रस्ता दाखवला, त्याच विद्यापीठाच्या पदवीधरांना पुढे ती परत आणण्यासाठी झगडावे लागले. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ एका विद्यार्थ्याच्या निबंधापासून.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना महादेव गोविंद रानडे यांनी इंग्रजीत एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांच्या राज्यकारभाराची ब्रिटिश अमलाशी तुलना होती आणि तुलनेत ब्रिटिश अंमल उणा ठरला होता. तिथे शिकवणारे सर अलेक्झांडर ग्रँट म्हणजे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचे संपादक, ऑक्सफर्डचे विद्वान आणि रानड्यांच्या बुद्धिमत्तेचे खरे चाहते. त्यांनी या विद्यार्थ्याला बोलावून समज दिली की, जे सरकार आपल्याला शिक्षण देते त्याची निंदा करू नये. चरित्रकार सांगतात की शिक्षा तेवढ्यावर थांबली नाही, सहा महिने शिष्यवृत्तीही बंद झाली.

हा प्रसंग बहुधा रानड्यांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण महाविद्यालयातल्या इंग्रजी लेखनाच्या इतिहासातही त्याला जागा आहे. शिक्षा कशाची झाली? व्याकरणाची नाही, वाक्यरचनेची नाही, ‘मराठी वळणाच्या’ इंग्रजीची तर नाहीच. निबंध इंग्रजी म्हणून उत्तमच असणार. वाईट असता तर गुण कापून विषय मिटला असता. शिक्षा झाली ती इंग्रजीत इंग्रजांना न रुचणारे लिहिल्याची. मराठ्यांचा इतिहास त्या विद्यार्थ्याच्या कानावर लहानपणापासून मराठीतून पडत होता, तो त्याने सरळ इंग्रजी निबंधात आणून ठेवला होता. परक्या भाषेत लिहिणाऱ्याकडून ती भाषा काय अपेक्षा करते, हे त्या सहा महिन्यांच्या शिष्यवृत्तीने स्पष्ट केले.

आता या मंडळींच्या शिक्षणाची चौकशी करू. रानडे कोल्हापुरात आधी मराठी शाळेत गेले, मग इंग्रजी शाळेत, नंतर मुंबईला. भांडारकरांचे शालेय शिक्षण रत्नागिरीचे. आंबेडकरांची आरंभीची शाळा साताऱ्याची. अक्षर, हिशेब आणि जग यांची पहिली ओळख या सर्वांना मराठीतून झाली. इंग्रजी त्यानंतर आली आणि आधीच्या भाषेच्या खांद्यावर बसून आली. ज्यांना आज ‘इंग्रजीत वाढलेली पिढी’ म्हटले जाते, ती खऱ्या अर्थाने दोन-तीन भाषांत वाढलेली पिढी होती.

त्यांच्या आधीची पिढी पाहिली तर हे अधिकच ठळक होते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. त्या पत्रात एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असे. मराठी पत्रकारितेचा आरंभ म्हणून या दिवसाचा उत्सव होतो, पण पानावरच्या त्या मांडणीकडे फारसे कोणी पाहत नाही. एका भाषेत मांडलेला विचार त्याच पानावर दुसऱ्या भाषेत तोलायचा, हे काम अंकामागून अंक करणारा माणूस पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाला. त्याने विद्यार्थ्यांना ‘मराठी विसरा’ असा उपदेश केला असेल, ही कल्पनाच हास्यास्पद आहे.

त्याच मुंबईत १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात जो वाद पेटला, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, म्हणजे न्यायमूर्ती. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे आणि पैसा तिकडे वळावा, असे त्यांचे मत. समोर कर्नल जॉर्ज जर्व्हिस. जर्व्हिस हवेत बोलत नव्हते. १८२० च्या दशकात मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेत त्यांनी देशी मुलांना गणित आणि मोजणी मराठी-गुजरातीतून शिकवली होती आणि त्यासाठी मराठी पाठ्यपुस्तके तयार करवून घेतली होती. मातृभाषेतून शिकवता येते, हे त्यांनी करून पाहिले होते. मंडळातले देशी सभासद, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे एका बाजूला एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज लष्करी अधिकारी. दुसऱ्या बाजूला न्यायमूर्ती. ‘इंग्रजीच हवी’ ही मागणी सरसकट देशी लोकांची होती असे सांगणाऱ्यांनी हे नावांचे पान एकदा उलटून पाहावे.

१८४८ साली प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य आणि शास्त्र यांसाठी आपली सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्यात होते. इंग्रजीत निबंध वाचणे हा तिचा उद्योग. पण लगेचच तिला मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा फुटल्या. वर्गात इंग्रजीत जे वाचले, ते बाहेर मराठीत किंवा गुजरातीत मांडून दाखवायचे. लेखन शिकण्याचा याहून चांगला अभ्यासक्रम आजही कोणाला सुचलेला नाही. आणि हा अभ्यासक्रम प्राध्यापकांनी लादलेला नव्हता, मुलांनी स्वतःहून उभा केला होता.

मग विद्यापीठ आले. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली. शंभराहून अधिक मुले बसली, उत्तीर्णांची संख्या विशीच्या घरात. १८६२ साली पहिले बी. ए. झाले ते चौघे : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांच्या इंग्रजीवर ‘सुवर्णयुगा’चा सारा डोलारा उभा आहे. गाळणीतून गळून गेलेल्यांची गणती मात्र कोणी करत नाही. पुढच्या पिढ्या आपल्या वर्गातल्या शंभर मुलांची तुलना त्या शंभरांशी करत नाहीत, त्या चौघांशी करतात. हा हिशेब चुकीचा आहे, आणि पुष्कळदा तो जाणूनबुजून चुकवला जातो.

याच १८६० च्या दशकात विद्यापीठाने पदवी परीक्षांतून देशी भाषा काढल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा बसवल्या. देशी भाषांत पदवीच्या योग्यतेचे वाङ्मय नाही, हे कारण. आता मराठी मुलाने दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यावी आणि तीही इंग्रजीच्या दारातून. भांडारकरांचे संस्कृतचे पहिले पुस्तक १८६४ चे; त्यातले नियम आणि स्पष्टीकरणे इंग्रजीत. त्या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्यांना संस्कृत दिली, त्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण चित्र पाहावे : रत्नागिरीचा मराठी शिक्षक पुण्या-मुंबईच्या मराठी मुलाला, मराठीशी रक्ताचे नाते असलेली भाषा, इंग्रजीतून शिकवतो आहे. मधली मराठी तेवढी वगळली.

वगळलेली मराठी तरीही वर्गात होतीच, फक्त तिला हजेरीपटावर नाव नव्हते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरांत पोहोचली ती याच काळातून. तिची पद्धत अगदी साधी होती : मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी करा, इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी करा. हजारो मुलांनी इंग्रजी वाक्य बांधायला शिकले ते असे. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, ‘ने’ आणि ‘ला’ यांचे तिकडे काय होते, हे दोन भाषा समोरासमोर ठेवल्याशिवाय उमगत नाही. या पुस्तकाची आज जुनाट म्हणून टिंगल होते, आणि टिंगल करणाऱ्यांच्या आजोबांची नोकरी पुष्कळदा त्याच पुस्तकाच्या पुण्याईवर लागलेली असते!

आणि देवघेव एकाच दिशेने नव्हती. मराठी वाक्यात आज सहज टाकला जाणारा स्वल्पविराम आणि अर्धविराम मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने इंग्रजीतून मराठीत रुळला. आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ लिहिले, त्यात इंग्रजी व्याकरणातली वाक्य उकलण्याची रीत मराठीला लावली. त्याच आगरकरांनी हॅम्लेटला ‘विकारविलसित’ केले. चिपळूणकरांनी वडिलांबरोबर डॉ. जॉन्सनचा ‘रासेलस’ मराठीत आणला आणि १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी निबंधाला त्यांनी जे धारदार रूप दिले, त्याची तालीम इंग्रजी निबंधकारांच्या वाचनात झाली होती. पुढे १८८० साली त्यांनी टिळकांसह शाळा काढली, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. मराठीच्या सर्वांत कडव्या कैवाऱ्याने शाळेच्या नावात ‘इंग्लिश’ ठेवले, यात त्याला विसंगती वाटली नाही, कारण नव्हतीच. वाघिणीचे दूध प्यायचे, पण त्यासाठी आईचे दूध तोडायचे नाही, हा त्या पिढीचा व्यवहार होता. वाक्प्रचार उरला, व्यवहार विसरला गेला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भाषांच्या संगमाचे हे गोडवे गाताना शुद्धतेचे काय? चुका चालवून घ्यायच्या काय? उत्तर : मुळीच नाही. चिपळूणकर स्वतः दुसऱ्यांच्या भाषेतल्या चुकांवर तुटून पडत. ती शिस्त हवीच. मात्र चूक दुरुस्त करणे वेगळे आणि चुकीवरून माणसाला भाषाच नाही असे ठरवणे वेगळे. मराठी मुलगा इंग्रजीत क्रियापद शेवटी नेतो किंवा उपपद गाळतो, तेव्हा तो गोंधळलेला नसतो. मराठीचा नियम इमानाने पाळत असतो. ज्या शिक्षकाला तो नियम दिसतो, तो चूक एकदाच समजावतो. ज्याला दिसत नाही, तो वर्षभर लाल शाई वापरतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो या धाग्याच्या बाजूच्या लोकांनीच स्वतःला विचारायला हवा. वर आलेली नावे बहुतेक कोणाची? ज्यांच्या घरी पोथ्या होत्या त्यांची. बहुभाषिकता हे वरदान खरे, पण त्या काळी ते जात पाहून वाटले जात होते.

जोतीराव फुले यांनी हे तेव्हाच सांगितले. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन ठेवले, ते इंग्रजीत. रयतेच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि खेड्यातल्या मुलाला साधी प्राथमिक शाळा मिळत नाही, हा त्याचा गाभा. शेतकऱ्याची बाजू मांडण्यासाठी त्यांनी राज्यकर्त्यांची भाषा वापरली, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला इंग्रजी प्रस्तावना जोडून ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, आतला मजकूर मात्र मराठी, तोही बोलता मराठी. कोणाशी काय बोलायचे आणि कोणत्या भाषेत, याचे इतके अचूक भान विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाला होते.

स्त्रियांना तर ती पायरी जवळजवळ बंदच होती. त्यांनी समुद्र ओलांडला. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. मिळवली. विशी-एकविशीतल्या या विद्यार्थिनीच्या इंग्रजी प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. तिच्या वर्गातल्या अमेरिकन मुलींना जे लिहिणे शक्य नव्हते, तो विषय तिने निवडला, कारण संस्कृत ग्रंथांच्या परंपरेकडे जाणारी वाट तिच्यापाशी होती. तिला कोणी ‘इथे फक्त इंग्रजीतून विचार कर’ असे बजावले असते, तर तो प्रबंधच झाला नसता. पंडिता रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीती’ या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. तिथे चेल्टनहॅममध्ये त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवत होत्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघाले आणि दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तक आले. अमेरिकेला हिंदुस्थान सांगायचा इंग्रजीत, महाराष्ट्राला अमेरिका सांगायची मराठीत.

तिकडे विद्यापीठात काय चालले होते? १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने तक्रार केली की प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेल्या मुलांना इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत. ‘हल्लीच्या मुलांना इंग्रजी येत नाही’ हे वाक्य किती जुने आहे, याची नोंद सुवर्णयुगवाल्यांनी घ्यावी : टिळक हयात होते, गोखले ऐन भरात होते, आणि आयोग मुलांच्या इंग्रजीवर रडत होता. गंमत पुढेच आहे. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कर्झनच्या सरकारने काय सांगितले? मातृभाषेत पाया पक्का झाल्याशिवाय मुलाला इंग्रजी शिकवायला घेऊ नये. कर्झन हा कोणाच्याही यादीत मराठीचा मित्र म्हणून येणार नाही. त्यालाही जे कळले, ते आज प्रवेशाच्या जाहिराती छापणाऱ्यांना कळू नये, हे आश्चर्य आहे. किंवा नाही.

आता आंबेडकर, कारण त्यांचे नाव या वादात सर्वांत जास्त वापरले जाते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत हवी होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि पर्शियन घ्यावी लागली. १९१२ मध्ये बी. ए. झाले, १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तोही एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्गासाठी इंग्रजीत लिहिलेला निबंध होता. पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने युरोपीय पंडितांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आणि जातीचे मूळ जातिबाह्य विवाहाच्या बंदीत आहे असे मांडले. इंग्रजी काटेकोर आहे. तिला वजन आले ते ज्या आयुष्यातून, ते मराठीत जगलेले होते. चारच वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्याच लेखकाने मुंबईत ‘मूकनायक’ काढले, मराठीत.

जे म्हणतात आंबेडकर इंग्रजीमुळे घडले, त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. इंग्रजीने त्यांना असे दार उघडून दिले, जे संस्कृतच्या राखणदारांनी बंद केले होते. म्हणूनच दलित विद्यार्थ्याला ‘इंग्रजीचा हट्ट सोड, मातृभाषेत राहा’ असे सांगणे हाही लबाडपणाच आहे, आणि तो सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कुठल्या शाळेत जातात हे सर्वांना माहीत असते. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाहीच. इंग्रजीच्या वर्गात शिरताना मुलाने आपली भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवावी काय, हा आहे.

रानड्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. बी. ए. नंतर ते एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले. म्हणजे ज्या खुर्च्यांवरून त्यांच्या निबंधाला शिक्षा झाली होती, त्यांपैकी एकीवर स्वतः बसले. मग न्यायखात्यात गेले. आणि अखेरच्या वर्षांत, प्रकृती ढासळलेली असताना, विद्यापीठात देशी भाषांना परत आणण्यासाठी झटत राहिले. मराठीत वाङ्मयच नाही या जुन्या कारणाला त्यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील टिपणाने उत्तर दिले. त्यात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांचा हिशेबच मांडला. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. एम. ए. च्या परीक्षेत मराठीसारख्या भाषांना जागा मिळाली, त्यामागे त्यांची ही खटपट होती.

ते टिपण त्यांनी इंग्रजीत लिहिले होते.